कारणांचा रकाना

परिचारिकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीने कोणत्याही रोगाविषयी लिहावयाच्या उत्तराचा साचा असा काही कायम होऊन गेला आहे की मधुमेह असो, क्षय असो वा कर्करोग असो, आधी व्याख्या, मग कारणे, मग शरीरात घडणारी विकृती, लक्षणे, तपासण्या, औषधोपचार आणि अखेरीस, सर्वांत अधिक गुणांचा, शुश्रूषेचा तपशील, हा क्रम चुकला तर परीक्षकाच्या भुवया चढतात. या सात रकान्यांपैकी सहांच्या बाबतीत धर्माने आणि तत्त्वज्ञानाने फारशी ढवळाढवळ केलेली नाही. गाठीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो, अथवा रक्तातील पांढऱ्या पेशी किती उतरल्या म्हणजे रोग्याला वेगळे ठेवावे, याविषयी कोणत्याही आचार्याने भाष्य लिहिले नाही. दुसऱ्या रकान्यात मात्र स्मृतिकार, पुराणिक, कीर्तनकार आणि शेजारीपाजारी या सर्वांनी पिढ्यान्‌पिढ्या इतकी गर्दी केली आहे की पाठ्यपुस्तकातील आठ-दहा ओळींना तेथे उभे राहावयास जागा मिळणे कठीण. रोग का होतो, हा प्रश्न वैद्याचा. मलाच का झाला, हा रोग्याचा. आणि या दोहोंच्या मध्ये रात्रपाळीला उभी असते ती वीस-एकवीस वर्षांची मुलगी, जिने पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ केलेले असते आणि दुसरा जिच्या पेपरात कधीच येत नाही.

माझी पुतणी सध्या या अभ्यासात आहे. शाळा मराठी माध्यमाची, पाठ्यपुस्तक मात्र ब्रूनर आणि सुडार्थ यांच्या नावाने ओळखले जाणारे, अमेरिकेत लिहिलेले, दोन्ही हातांनी उचलावे लागणारे. त्यामुळे ती वाचते इंग्रजीत, समजून घेते मराठीत आणि घोकते या दोहोंच्या मिश्रणात. कर्करोगाची सात पूर्वसूचक लक्षणे ध्यानात राहावीत म्हणून अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ‘कॉशन’ या इंग्रजी शब्दाच्या सात अक्षरांवर बसवून दिलेली आहेत, आणि आमच्या माजघरात संध्याकाळी ती एकेक करून उतरतात: शौचाच्या वा लघवीच्या सवयीत बदल, बरी न होणारी जखम, अवेळी रक्तस्राव, स्तनात वा अन्यत्र गाठ, अपचन किंवा गिळताना अडथळा, तीळ वा चामखीळ यांत झालेला फरक, हटवादी खोकला. शेवटचे लक्षण म्हणून झाले की ती पुन्हा पहिल्यावर येते. घरात कोणी खोकले की मात्र आम्हा सर्वांची नजर एकमेकांकडे जाते, हा या अभ्यासाचा घरच्या मंडळींना होणारा जाच अभ्यासक्रमात कोठे नमूद केलेला नाही.

मरणप्राय दुःखाचा असा पाढा म्हटल्याने मन निबर होते, असा एक आक्षेप सुशिक्षितांत ऐकू येतो. मला तो उथळ वाटतो. व्हिन्क्रिस्टिन हे औषध शिरेतूनच द्यावयाचे. चुकून ते पाठीच्या कण्यातील द्रवात गेले तर रोगी बहुधा वाचत नाही. पहाटे तीन वाजता, डोळ्यांवर झोप असताना, सिरिंज हाती घेतलेल्या मुलीला त्या क्षणी उपयोगी पडते ती करुणा नव्हे, तर शंभरदा घोकलेली एक ओळ. आणि ती ओळ शंभरदा घोकण्याचे कष्ट जिने घेतले तिची करुणा आपण आणखी कोठे शोधावयाची? हेच व्हिन्क्रिस्टिन निघते ते सदाफुलीपासून, जिची फुले आपल्याकडे परडीत घालून देवाला वाहतात आणि जिची पाने मधुमेहावर चावून खाण्याची वहिवाट खेडोपाडी अजून आहे. कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी मधुमेहावरचा हाच गुण पारखण्यासाठी सदाफुलीचा अर्क उंदरांना दिला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या, आणि १९५८ मध्ये व्हिन्क्रिस्टिनचे थोरले भावंड व्हिन्ब्लास्टिन हाती आले. शोध कशाचा चालला होता आणि सापडले काय! कार्यकारणाची साखळी आपल्याला वाटते तितकी आपल्या मुठीत नाही, याचा हा दाखला पुढच्या विवेचनासाठी वाचकाने जवळ ठेवावा.

आता त्या दुसऱ्या रकान्याकडे वळू. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पूर्वपातकांची शरीरावर उमटणारी चिन्हे सांगितली आहेत: सोने चोरणाऱ्याची नखे विद्रूप, मद्यप्याचे दात काळे, ब्रह्महत्या करणाऱ्यास क्षय, गुरुपत्नीगमन करणाऱ्यास त्वचाविकार. पुढे कर्मविपाकाचे म्हणून जे ग्रंथ झाले त्यांत हा तक्ता चांगलाच फुगला, आणि रोग्याच्या खाटेजवळ बसून त्याच्या मागील जन्माची झडती घेण्याची मुभा जणू प्रत्येक पाहुण्याला मिळाली. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखविला, तेव्हा इतर अनेक गोष्टींबरोबर हिंदुस्थानातील लक्षावधी क्षयरोगी ब्रह्महत्येच्या आरोपातून निर्दोष सुटले, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात कोणी लिहीत नाही. महारोग्यांचा फैसला त्याहून लांबला. हान्सेनला जंतू दिसला १८७३ साली. परंतु वरोड्यास बाबा आमट्यांनी आणि अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांनी प्रत्यक्ष जखमा धुऊन दाखवीपर्यंत आपल्या समाजाने त्या जंतूची साक्ष ग्राह्य धरली नाही.

यावरून कोणी असे समजेल की प्राचीनांचे मत सरसकट हेच होते, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदांचा उद्ध्वंस करणाऱ्या साथींच्या चर्चेत, आयुष्य नियत आहे काय असा प्रश्न अग्निवेश विचारतो, आणि आत्रेय जे उत्तर देतात ते आजच्या कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात शोभावे. आयुष्याची मर्यादा जर सर्वांची आधीच ठरलेली असती तर मंत्र, औषधी, पथ्य यांची खटपट कोणी केली नसती आणि पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला होण्याचेही कारण उरले नसते. उत्तम आसदेखील गाडीवर बेसुमार ओझे लादले वा वाट बिकट असली तर वेळेआधी मोडतो, तसेच मनुष्याचे. चरकाने दैव नाकारले नाही, पूर्वकर्मातून उद्भवणारे रोगही मानले; परंतु दैवाला त्याने वैद्याच्या आसनावर बसू दिले नाही. धर्मानंद कोसंबींनी मराठी वाचकाला ज्या पाली वाङ्मयाची वाट दाखविली त्यातील संयुत्तनिकायात तर हा मुद्दा आणखी निःसंदिग्ध आहे. सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले म्हणणे काय? बुद्ध आठ कारणे सांगतो: पित्त, कफ, वात, तिहींचा संनिपात, ऋतुपालट, विषम आचरण, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक, आणि वर म्हणतो की जे लोक सर्व काही आठव्याच खात्यावर टाकतात ते स्वतःच्या अनुभवाच्या आणि लोकसंमत सत्याच्याही पलीकडे धावतात. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याकडे पाहून शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे, आणि येशू दोन्ही पर्याय नाकारतो. मिरजेच्या मिशन इस्पितळासारख्या ठिकाणी, घरच्यांनीही हात लावू नये असे रोगी ज्या ख्रिस्ती परिचारिकांनी उचलले, त्यांना या प्रसंगाचे विस्मरण झाले नसावे.

इतके सगळे मोठे लोक सांगून गेले, जंतू सापडले, पाठ्यपुस्तके छापली गेली. तेव्हा कर्मविपाकाचा तक्ता आता कालबाह्य झाला असे आपण म्हणू लागतो, आणि माझी खरी तक्रार येथूनच सुरू होते. तो तक्ता गेला नाही. त्याने नाव बदलले. पुस्तकात ज्यांना जोखमीचे घटक म्हणतात त्यांची यादी, तंबाखू, मद्य, लठ्ठपणा, काही विषाणू, उशिरा झालेले अपत्य, अनुवंश, ही शास्त्राने अत्यंत परिश्रमाने मिळविलेली आणि सर्वथा खरी आहे. परंतु रोग्याच्या खाटेशी ती पोहोचते तेव्हा तिचे हत्यार होते. ‘मिश्री लावायची ना, मग होणारच,’ हे वाक्य आणि ‘मागच्या जन्मी काही केलं असेल,’ हे वाक्य, यांत मला तरी स्वरभेद ऐकू येत नाही. फरक एवढाच की मागच्या जन्माचा आरोप मोघम असतो आणि मिश्रीचा तपशीलवार.

हा प्रकार मी एकदा जवळून पाहिला. परीक्षेचे प्रात्यक्षिक चालले होते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई खाटेशी उभ्या होत्या, आणि खाटेवर गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, नाकातील नळीने पेज घेणारी पन्नाशीची एक बाई, उशाशी स्टीलचा तांब्या, हातात पदराचे टोक. विद्यार्थिनीला कारणे विचारण्यात आली. तिने ती स्वच्छ, क्रमवार, इंग्रजीत सांगितली. इंग्रजी त्या बाईंना येत नव्हते, पण ‘टोबॅको’ कळत होते. पहिल्यांदा तो शब्द आला तेव्हा त्यांनी मुलीकडे पाहिले. दुसऱ्यांदा आला तेव्हा पदर तोंडावर घेतला. मुलीला पैकीच्या पैकी गुण मिळाले असतील आणि ते मिळावयासच हवे होते, कारण तिने सांगितलेल्यात एक अक्षर खोटे नव्हते.

मग चुकले काय? मला वाटते, याचा उलगडा व्याकरणाने होतो. कर्मसिद्धान्त हा प्रथमपुरुषी एकवचनात उच्चारावयाचा सिद्धान्त आहे. माझ्या वाट्याला जे आले त्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतो, कोणावर फिर्याद करीत नाही, असे एखाद्याने स्वतःपुरते म्हणणे यात धैर्य आहे, क्वचित शांतीही आहे. कारणमीमांसा ही तृतीयपुरुषी आणि अनेकवचनी. तंबाखू खाणाऱ्यांत हा रोग न खाणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, एवढेच ती म्हणते आणि समुदायाविषयी म्हणते. ही दोन्ही विधाने आपापल्या पुरुषात राहिली तर त्यांचे परस्परांशी भांडण नाही. परंतु त्यांपैकी कोणतेही एक द्वितीयपुरुषात आणि भूतकाळात उतरले, ‘तू केलेस म्हणून तुला झाले’ या स्वरूपात आले, की ज्ञान तेथे संपते आणि खटला सुरू होतो. द्वितीयपुरुष परिचारिकेला सर्वस्वी वर्ज्य आहे असे मात्र नव्हे; ‘आजपासून तंबाखू सोडा, जखम भरायला मदत होईल,’ हे तिने सांगितलेच पाहिजे, आणि रोग झाल्यावरही व्यसन सोडल्याने लाभ होतो हे शास्त्रसिद्ध आहे. पण तो आज्ञार्थ झाला, पुढच्या काळाचा; त्यात जाब विचारणे नाही.

कारण शोधणे हे दोषी शोधणे नव्हे, ही गोष्ट कर्करोगाच्या इतिहासात आरंभापासूनच लिहिलेली आहे. लंडनचा शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणावर होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. अरुंद धुराड्यांत उतरविली जात ती गरिबांची चार-पाच वर्षांची पोरे. काजळी त्यांनी हौसेने अंगाला फासली नव्हती. पॉटच्या निरीक्षणाचा योग्य उपयोग त्या पोरांना बोल लावण्यात नव्हता, कायदा करण्यात होता, आणि १७८८ मध्ये आठ वर्षांखालील मुलांना या धंद्यात घेण्यास मनाई करणारा कायदा झाला, मग तो पुष्कळ काळ कागदावरच का राहिला असेना. आपल्याकडे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ साली उघडले, वसंत रामजी खानोलकरांनी हीच दृष्टी हिंदी चालीरीतींकडे वळविली. खालच्या ओठाआड धरलेली तंबाखू-चुन्याची गोळी, पेटते टोक तोंडात ठेवून ओढलेला चुट्टा, आणि कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेले धोतर, यांपासून उद्भवणाऱ्या कर्करोगांविषयी त्यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये लिहिले. धोतर नेसणे हे कोणत्या स्मृतीत पातक आहे? कर्त्या पुरुषाने रोज सकाळी निष्पापपणे मारलेल्या गाठीतून एक दुसरी गाठ जन्मली. येथे शिक्षेची भाषाच लटकी पडते.

आणि ज्यांना कोणताच घटक लागू पडत नाही त्यांचे काय? तंबाखूला न शिवलेली, कुळात कोणाला नसलेली, सात्त्विक आहाराची चाळीस वर्षांची शिक्षिका, हिच्या दुसऱ्या रकान्यात काय लिहावे? पेशी विभागताना तिच्यातील आनुवंशिक मजकुराची नक्कल करावी लागते, नक्कल करताना क्वचित चूक राहते, बहुतेक चुका निस्तरल्या जातात, एखादी नेमक्या जागी टिकते. यात कोणाची करणी नाही. आधुनिक मनाला हे उत्तर पूर्वजन्माइतकेच अस्वस्थ करते, कारण शिक्षा सहन करता येते, पण निष्कारण सहन करता येत नाही. श्वेताश्वतर उपनिषदाच्या प्रारंभी जगाचे कारण कोणते अशी चिकित्सा आहे, तिथे काल, स्वभाव, नियती यांच्या शेजारी यदृच्छेचेही नाव उमेदवार म्हणून घेतलेले आहे. उपनिषत्कार तिला अखेर स्वीकारीत नाही, तरी तिचे नाव यादीतून गाळतही नाही. आपले पुष्कळसे प्रवचनकार मात्र ते गाळतात.

मलाच का, या प्रश्नाची दखल अभ्यासक्रमाने अगदीच घेतलेली नाही असे म्हणता येणार नाही. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली मरणोन्मुखांच्या मनाच्या ज्या पाच अवस्था वर्णिल्या, नाकारणे, संताप, घासाघीस, खिन्नता, स्वीकार, त्या पाठ कराव्या लागतात आणि परीक्षेत टीप म्हणून येतात. सिसिली सॉन्डर्स, ज्या आधी परिचारिका होत्या आणि पुढे डॉक्टर झाल्या, त्यांनी शरीराची, मनाची, संसाराची आणि श्रद्धेची वेदना एकत्र मोजावी असा आग्रह धरला आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्टोफर हे आश्रयस्थान उघडले. त्याच वाटेने १९८६ मध्ये वांद्र्यास डॉ. लुई डिसूझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केले. तेथे जे चालते त्यात मलाच का याचे उत्तर देण्याचा भाग थोडा आणि मॉर्फिनची मात्रा वेळेवर देण्याचा भाग फार मोठा आहे. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. वेदनेने तळमळणाऱ्याशी तत्त्वचर्चा करणे हा पांडित्याचा एक निर्दय प्रकार आहे, मग पांडित्य वेदान्ताचे असो की साथरोगशास्त्राचे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतील दुःखदोष सतत पाहणे हे एक आहे, आणि ज्ञानेश्वरांनी तेथे म्हातारपणाचे असे विस्तृत वर्णन केले आहे की वाचणाऱ्याने स्वतःचे हातपाय चाचपून पाहावे. त्या कसोटीवर कर्करोगाच्या वॉर्डात पाळी करणारी मुलगी एका वर्षात जेवढे पाहते तेवढे आम्ही निरूपणे ऐकणारे जन्मभरात पाहत नाही. परंतु त्याच कसोटीवर खाटेवरील मनुष्य तिच्याही पुढे असतो, आणि या मुद्द्यावरून आमच्या घरात नुकताच एक वाद झाला.

पुतणीने एका सत्तरीच्या आजींविषयी लिहिलेला शुश्रूषेचा आराखडा मी सहज चाळला. या आजी शेक घेत होत्या, तोंड आतून सोलवटले होते, आणि, पुतणीनेच सांगितल्याप्रमाणे, कोणी काही विचारले तर ‘माझंच काहीतरी देणं असेल, फिटतंय,’ एवढेच म्हणून हसत. आराखड्यात पहिले निदान वेदनेचे, दुसरे पोषणाचे, आणि तिसरे, ठरीव इंग्रजी शब्दांत, रोगाविषयी ज्ञानाचा अभाव. मला ते सहन झाले नाही. जन्म, जरा, व्याधी यांकडे असे पाहणाऱ्या बाईंच्या नावापुढे ज्ञानाचा अभाव अशी नोंद करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, म्हणून मी बराच वेळ बोललो. कर्म, प्रथमपुरुष, गीता, सर्व आले.

ती पुस्तकातून बोट न काढता ऐकत होती. ‘काका, आजी फिटतंय म्हणाल्या, त्याला मी हो-नाही काहीच केलं नाही. नुसता हात धरला,’ ती म्हणाली. ‘पण मीठ-सोड्याच्या पाण्यानं दर चार तासांनी गुळण्या करायच्या, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तिखट आमटी खात होत्या आणि भोग म्हणून सोसत होत्या. तेवढंच लिहिलंय मी त्या ज्ञानात.’

शब्द तरी बदलावेत, असे मी सुचवून पाहिले. निदानांची यादी छापील आहे, तिच्याबाहेरचे शब्द लिहिले तर गुण कापतात, असे उत्तर आले, आणि ती पुढच्या प्रकरणाकडे, रक्ताच्या कर्करोगाकडे, वळली.